खळ, दोरा आणि लिनोचा तुकडा

लिनोचा तुकडा हातात दिला की नव्या माणसाला मी आधी त्याचा वास घ्यायला सांगते. मागे तागाचं कापड, वर तपकिरी गुळगुळीत थर आणि वास जवसाच्या तेलाचा. छापचित्रं काढायला आणि वही बांधायला शिकवणाऱ्या आमच्या कार्यशाळेला येणाऱ्या बायका तो लगेच ओळखतात, घरात जवसाची चटणी कुटलेली असते. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६३ मध्ये लिनोलियमचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाचा भुसा कालवायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. फरशीवर अंथरण्यासाठी निघालेली ही वस्तू पुढे चित्रकारांनी कोरायला घेतली. लाकडाला रेषा असतात, कोरताना हत्यार त्यांच्या मागे ओढलं जातं. लिनोला रेषाच नाहीत, हत्यार नेऊ तिकडे जातं. म्हणून शिकाऊ हाताला लिनो बरा. त्यावर लावायच्या तेली शाईतही पुन्हा जवसाचंच तेल.

हे पहिल्याच तासाला सांगण्यामागे माझा एक आग्रह आहे. छापचित्र, हाताने बांधलेली वही असं काही ऐकलं की आमच्याकडची माणसं थोडी बिचकतात. ही मुंबई-पुण्याची, फार तर बडोद्याची विद्या, कॉलेजात जाऊन शिकायची, असा त्यांचा समज. मला तो पटत नाही. कापूस आमचा, जवस आमचा, सरकीचं तेल आमचं, कागद तर एके काळी आमची गावं स्वतः करत होती, आणि पुस्तक शिवणारा माणूस अजून धुळ्याच्या पाच कंदिलाजवळच्या गल्लीत बसलेला आहे. हे सगळं एका टेबलावर आणायचं तेवढं राहिलं होतं.

आम्ही धुळ्यात ही कार्यशाळा एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात घेतो, थंडीच्या दिवसांत, शनिवार-रविवार जोडून. शनिवारी छपाई, रविवारी बांधणी. शिरपूर, साक्री, अमळनेरहून माणसं येतात. शिक्षक असतात, कॉलेजच्या मुली असतात, कापडदुकानदार असतात, एकदा निवृत्त तलाठी आले होते. चित्र काढता येत नाही ही तक्रार प्रत्येकाची असते आणि दुपारपर्यंत ती विसरली जाते, कारण कोरायला बसलेल्या माणसाला तक्रारीसाठी वेळ उरत नाही.

शिंदखेड्याहून आलेल्या एका गुरुजींचं काम मला तपशिलात सांगायचं आहे. त्यांच्या शाळेत दर वर्षी मुलांचं हस्तलिखित निघतं. सुवाच्य अक्षराच्या मुली ते लिहितात, कोपऱ्यात वेलबुट्टी काढतात, आणि मुखपृष्ठ कुठून तरी रंगीत प्रिंट काढून चिकटवलेलं असतं. गुरुजींना ते चिकटवलेलं मुखपृष्ठ सहन होत नव्हतं. आतली सगळी पानं मुलांच्या हातची आणि दर्शनी पान मात्र परकं. हस्तलिखिताचं नाव ‘किलबिल’. ते अक्षर लिनोत कोरून शाळेला ठसा करून द्यायचा, म्हणजे तो दर वर्षी वापरता येईल, असा त्यांचा बेत होता.

छापायचं ते उलटं कोरावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे लहानपणी कोणी केले नाहीत? पण अक्षर आलं की हे माहीत असणं पुरत नाही. गुरुजींनी बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने ‘किलबिल’ लिहिलं, कागद पालथा घालून लिनोवर चोळला, आणि पेन्सिलीची उलटी अक्षरं उमटली. मग ते बराच वेळ नुसते बघत राहिले. ऱ्हस्व वेलांटी उलटी झाली की अक्षराच्या उजवीकडे येते आणि दीर्घ दिसते. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घ तपासलेला तो माणूस. समोर चुकीची वेलांटी दिसत असताना ती तशीच कोरायची, याला त्यांचा हात तयार होईना. त्यांनी आरसा मागवला. लिनोशेजारी आरसा उभा धरून आधी त्यात शब्द वाचला, खात्री करून घेतली आणि मग V आकाराचं हत्यार हातात घेतलं.

अक्षर कोरायचं म्हणजे अक्षराभोवतीचं सगळं काढून टाकायचं. लिनोचा जो भाग उंच राहील त्याला शाई लागणार, जो खणला जाईल तो पांढरा राहणार. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ ठेवून दोन्ही बाजूंचे छोटे कोपरे काढणं हे ‘किलबिल’मधलं सर्वांत अवघड काम. तिथे हत्यार स्थिर धरून लिनोच फिरवावा लागतो. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे हवा, पुढे कधीच नको. धारेच्या वाटेत बोटं आली की ती कापणारच. गुरुजींच्या हत्यारासमोर लिनोच्या बारीक सुरळ्या साचत गेल्या. शिरोरेषा त्यांनी सरळ न ठेवता किंचित वाकडी ठेवली, मुलं लिहितात तशी. मला ती फार आवडली. संगणकाच्या छापील अक्षरात ती आली नसती.

शाईचं तंत्र आमच्या हवेत वेगळं पडतं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की थंडीत लिनो कडक होतो, तो शेकून घ्यावा. धुळ्यात तशी वेळ क्वचित येते. इथला त्रास उलटा. पारा चाळिशीच्या वर गेला की पाण्यातली शाई काचेवरच सुकायला लागते, आणि रोलर फिरवून कागद ठेवेपर्यंत छाप उमटण्याजोगी राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात ही कार्यशाळा आम्ही घेतच नाही, आणि थंडीतही तेली शाईच वापरतो. ती सुकायला एक-दोन दिवस लागले तरी हरकत नाही. काचेवर शाईचा थेंब टाकून रोलर फिरवत राहायचं. सुरुवातीला रोलर घसरतो, मग शाई पसरते, मग चुरचुर असा बारीक, सलग आवाज यायला लागतो. तो आवाज आला की थर योग्य झाला. चिकट फटफट आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, कोरलेल्या बारीक रेषा बुजणार. हे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं, म्हणून त्या वेळी मी वर्गात बोलणं बंद ठेवायला लावते.

छापायला यंत्र लागत नाही. कागद लिनोवर ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे चोळत जायचा. आम्ही रद्दीवर दोन-चार कच्चे छाप काढतो, कुठे राहिलं ते बघून पुन्हा कोरतो, मग चांगला कागद. छापाखाली पेन्सिलीने १/१०, २/१० असे आकडे टाकायला शिकवतो, म्हणजे एकूण किती आणि त्यातला हा कितवा ते पाहणाऱ्याला कळतं. हात आणि काच पुसायला रॉकेल नको. सरकीचं तेल चिंधीवर घेऊन पुसलं की शाई सुटते, मग साबणाचं पाणी. सरकीचं तेल या कामाला इतकं चांगलं आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

लिनोकटची गोष्ट सांगताना मी नंदलाल बोस यांच्यापाशी येऊन थांबते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी काठी टेकत चाललेल्या गांधीजींचं लिनोकट केलं. काळी पार्श्वभूमी आणि मोजक्या पांढऱ्या रेषा. आपण सगळ्यांनी ते चित्र कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, पण ते लिनोच्या तुकड्यातून आलेलं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी त्याची प्रतिकृती फळ्यावर लावते आणि विचारते, यातली कोणती जागा कोरली आणि कोणती ठेवली? हा प्रश्न पडला की चित्र पाहण्याची पद्धतच बदलते. पांढरी प्रत्येक रेघ म्हणजे हत्याराची एक चाल. धोतराची घडी, काठी, पुढे टाकलेलं पाऊल, सगळं काढून टाकण्यातून आलेलं.

आणि हे नंदलाल बोस आमच्या खानदेशात आले होते. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. टिळकनगर नावाची तात्पुरती वस्ती उभारली गेली आणि तिची सजावट गांधीजींनी नंदलालबाबूंकडे सोपवली. अट अशी की जे काही उभारायचं ते खेड्यात मिळणाऱ्या सामानातून आणि खेड्यातल्या हातांकडून. बांबू आणि असंच साधं साहित्य घेऊन त्यांनी ते केलं. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख, देशातल्या पहिल्या फळीतले चित्रकार, आणि इथे येऊन त्यांनी बाहेरचं काही मागवलं नाही. आसपास काय आहे ते आधी बघितलं. फैजपूरचं अधिवेशन आमच्याकडे सभा आणि पुढारी यांच्यासाठी आठवलं जातं. चित्रकलेच्या शिक्षकांनी ते या गोष्टीसाठीही आठवावं असं मला फार वाटतं. आमच्या कार्यशाळेला कोणता नियम असावा असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

त्याच यावलची आणखी एक ओळख जवळजवळ पुसली गेली आहे. ब्रिटिशकाळच्या गॅझेटियरांत यावलबद्दल लिहिलं आहे की हे गाव पूर्वी देशी कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होतं. एरंडोलबद्दलही तसंच, जाड्याभरड्या देशी कागदाचं गाव. धुळ्याहून जळगावला जाताना पारोळा मागे पडलं की एरंडोल येतं. कार्यशाळेत हे सांगितलं की एरंडोलमार्गे नेहमी जाणारी माणसंसुद्धा चकित होतात.

दख्खनमधले कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, कागद कसा करत ते ऐकण्यासारखं आहे. जुनी गोणपाटं, तागाचे दोर गोळा करायचे, बारीक तुकडे करून भिजवायचे, चुना घालून कुटायचे, नदीवर धुवायचे, पुन्हा कुटायचे. असं अनेकदा. मग तो लगदा पाण्याच्या हौदात सोडून गवताच्या काड्यांची चटई त्यात बुडवून आडवी वर उचलायची. पाणी गळून जातं आणि चटईवर कागदाचा थर राहतो. ते ओले ताव एकावर एक रचून दाबायचे, मग सारवलेल्या भिंतीवर चिकटवून सुकवायचे. शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते, अक्षराला कड राहत नाही. आपल्या जुन्या दप्तरांतली मोडी अक्षरं आज इतकी स्वच्छ दिसतात, त्यात त्या घोटणाऱ्या हातांचाही वाटा आहे. लिहिणाऱ्याचं नाव कधीकधी सापडतं, कागद्याचं सापडत नाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, छाप सुकायला दोरीवर लावले की मी जुन्या हस्तलिखितांबद्दल बोलते. धुळे याबाबतीत श्रीमंत गाव आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर फिरून कागदपत्रं गोळा केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतली बाडं जपलेली आहेत. पोथी म्हणजे सुटी पानं, वरखाली फळ्या आणि भोवती कापड. बाड म्हणजे शिवलेलं हस्तलिखित. रविवारी सुई हातात घेणार असलेल्या माणसाला हा फरक कळला पाहिजे, कारण त्या शिलाईमुळेच पानांचा क्रम शेकडो वर्षं टिकतो. सुटं पान वाऱ्यावर जातं, शिवलेलं पान शेजारच्या पानाला धरून राहतं.

रविवार आप्पांचा. आप्पा व्यवसायाने बायंडर. कोर्टाच्या फायली, कॉलेजच्या प्रबंधिका, वाचनालयाची फाटकी पुस्तकं, पोथ्या, आणि व्यापाऱ्यांच्या लाल कापडाच्या चोपड्या, हे त्यांनी हयातभर बांधलं. लक्ष्मीपूजनाला पूजायच्या चोपड्यांसाठी दसऱ्यापासून त्यांच्याकडे काम चाले. त्या चोपड्यांत छापील रेघा नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि ते सळच रकान्यांचं काम करत. आप्पा अजूनही हाताने असे सळ पाडतात की पट्टी लावून पाहिलं तरी फरक दिसू नये.

पहिल्या वेळी आप्पांना बोलावलं तेव्हा ते मागच्या बाकावर जाऊन बसले. लागेल ते सामान द्यायला आपल्याला बोलावलंय असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना पुढे नेऊन बसवलं. तेव्हापासून रविवारी वर्ग त्यांचा असतो, मी त्यांच्या हाताखाली असते, आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्या चित्रकाराला जेवढं मानधन देतो तेवढंच त्यांना देतो. यावर आमच्यात एकदा चर्चा झाली होती. मी त्यावर मागे हटले नाही आणि हटणारही नाही.

आप्पा आधी कागद ओळखायला शिकवतात. वर्तमानपत्राचं पान उभं फाडा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. यंत्रावरच्या प्रत्येक कागदात तंतू एका दिशेने पडलेले असतात. ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी, नाहीतर पान उलटताना ताठर राहतं आणि खळ लावल्यावर पुठ्ठा वाकतो. आमच्या कोरड्या हवेत तर तो हमखास वाकतो. म्हणून खळ लावली की लगेच शिकंज्यात, आणि शिकंजा नसेल तर जड ग्रंथांखाली, रात्रभर.

खळ मैद्याची. पाणी उकळून, गुठळी न होऊ देता, सारखी ढवळत, आणि त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचुदाने कीड लागत नाही. शेतकऱ्याच्या घरी मोरचूद असतोच, फवारणीसाठी आणलेला, त्यामुळे इथल्या मुलांना त्याचा निळा रंग आणि तो विषारी असतो हे दोन्ही माहीत असतं. तरी आप्पा खळीचं भांडं वेगळं ठेवतात आणि त्याला लाल दोरा बांधतात, चुकून कोणी स्वयंपाकात नेऊ नये म्हणून. फेविकॉलने काम लवकर होतं हे ते मान्य करतात. पण फेविकॉलने बांधलेलं पुस्तक पुढे दुरुस्तीला आलं की पाठ सोलून काढावी लागते. खळ पाण्याने सुटते. पुढच्या बायंडरची सोय आजच करून ठेवायची, असा त्यांचा विचार, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

मग शिलाई. चार ताव एकात एक दुमडले की सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो. घडीच्या आतून टोच्याने भोकं पाडायची, प्रत्येक फर्म्यात त्याच जागी. दोरा किती घ्यायचा? पुस्तकाच्या उंचीइतका प्रत्येक फर्म्याला, वर एक उंची जास्त. दोऱ्याला मेण. एक फर्मा शिवला की दुसरा त्यावर ठेवायचा आणि टोकाच्या भोकाशी खालच्या टाक्यात सुई अडकवून वर जायचं, म्हणजे फर्मे एकमेकांना धरतात. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. खरी गंमत दोरा ओढण्यात आहे. नवा माणूस दोरा वर, स्वतःकडे ओढतो आणि कागद भोकाशी चिरतो. ओढायचा तो पाठीच्या दिशेने, आडवा, हळूहळू. “वढू नका ताई, बसू द्या त्याले,” आप्पा प्रत्येकाजवळ जाऊन सांगतात. बोटाने पाठीवरून चाचपतात आणि नेमकं टाक्यावर बोट ठेवतात, “आठे ढिला शे.” गोधडी शिवलेल्या बायकांना मात्र काही सांगावं लागत नाही. साक्रीच्या एका मावशींनी पहिलाच फर्मा असा शिवला की आप्पांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

हल्ली बायंडिंगची तयार किट मिळतात. फर्मे दुमडलेले, भोकं पाडलेली, दोरा कापलेला, नुसती सुई ओवायची. मुलांना वाढदिवसाला द्यायला ठीक असतील. कार्यशाळेत मला ती नको वाटतात. भोक पाडताना टोच्याचा कोन जरा चुकला की ते घडीच्या बाहेर जातं, पुढची सगळी शिलाई तिरपी होते, आणि ते आपल्या डोळ्यांनी बघितल्यावरच भोकाचं महत्त्व कळतं. दोरा आपण मोजून कापला नाही, तर उद्या जाड वही करताना किती लागेल हे कुणाला विचारणार? घरी जाऊन एकट्याला करता येईल एवढं देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. तीच गोष्ट हत्यारांना धार लावण्याची. बोथट हत्यार घसरतं, जखम तेच करतं, म्हणून पॉलिश पेपरवर धार लावणं आम्ही कोरण्याच्या आधी शिकवतो.

शिंदखेड्याचे गुरुजी रविवारी संध्याकाळी ‘किलबिल’चा ठसा आणि एक कोरी बांधलेली वही घेऊन गेले. पुढे त्यांनी शाळेतच मुलांना बसवलं. मुखपृष्ठ मुलांनी छापलं, पानं मुलींनी लिहिली, शिलाई सातवीच्या मुलांनी केली. त्यांनी मला फोटो पाठवला तेव्हा मला अमळनेरची आठवण झाली. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. रोज. आपल्या मुलांनी वाचावं म्हणून शिक्षकाने रात्री बसून पान भरायचं, ही परंपरा या मातीत आहे, आणि शिंदखेड्याच्या शाळेत ती मला पुन्हा दिसली. फोटोतल्या वहीची शेवटची गाठ जरा सैल होती. आप्पांना दाखवली तर म्हणाले, पुढच्या खेपेला त्या पोरांनाच घेऊन या.

आता आमचं यावलला जायचं चाललं आहे. तिथे कागदाचीच कार्यशाळा घ्यायची, कारण ज्या गावाने कागद केला तिथे तो पुन्हा एकदा भिजवलेला पाहायचा आहे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो, म्हणजे रीत जिवंत आहे आणि शिकण्यासारखी आहे. आम्ही सुरुवात लहान करणार. लाकडी चौकटीवर मच्छरजाळी ठोकायची, घमेल्यात लगदा, आणि यावल-रावेर पट्ट्यात केळीचे खोड बांधावर पडलेले असतात, त्यांचे तंतू उकळून थोडे मिसळून पाहायचे. केळीचा तंतू लांब असतो, कागदाला बळ देतो, पण तो नीट शिजला पाहिजे.

यायचा विचार असेल तर घरातला जुना सुती सदरा किंवा धोतर टाकून देऊ नका. बटणं काढा, शिवणी उसवा, बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा आणि ओलेच डब्यात घालून आणा. टेरिकॉट चालणार नाही, त्याचा लगदा होत नाही. कोणतं कापड सुती आहे कळत नसेल तर एक धागा काढून जाळून बघा. राख झाली तर आणा, गोळी झाली तर घरीच राहू द्या.